साखर कुणी उतरवली?

मधुमेहाच्या गोळ्या ज्या घरात नाहीत असं घर म्हैसूरमध्ये शोधावं लागतं. फ्रिजच्या डोक्यावर, देवघराच्या खालच्या फळीवर, आजोबांच्या चष्म्याच्या डबीत, प्रवासी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात त्या पडलेल्या असतात. घरात नसतील तर अर्विन रोडला किंवा सय्याजीराव रोडला उतरावं. औषधाच्या दुकानात ग्लिमेपिराइडची स्ट्रिप मागितली तर चिठ्ठी विचारली जाईलच असं नाही. कायद्याने हे औषध चिठ्ठीवरच द्यायचं असतं. पण तो कायदा बहुतेक ठिकाणी परवान्याच्या चौकटीत, गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलेला असतो.

बेळगावहून शिकायला म्हैसूरला आलो तो इथलाच झालो. मधुमेहाच्या डॉक्टरचं आयुष्य चढलेली साखर खाली आणण्यात जातं. मला सांगायचंय ते उलट्या प्रकाराबद्दल. ज्यांना मधुमेह नाही, किंवा आहे पण ‘गोळी महिनोन् महिने तोंडात घातलेली नाही’ असं जे शपथेवर सांगतात, अशी माणसं पहाटे तीनला घामाने निथळत, बरळत, कधी झटके येत असलेल्या अवस्थेत आणली जातात. ग्लुकोमीटरवर आकडा येतो २८ किंवा ३२. असे रोगी वारंवार येत नाहीत, पण येतात ते लक्षात राहतात.

साखर उतरलेला माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. जीभ जड होते, शिवीगाळ करतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही. हुणसूर, एच. डी. कोटेकडून येणारे नातेवाईक कित्येकदा आधी देवऋषी करून आलेले असतात. एका माणसाला पोलिसांनीच आणलं होतं, रस्त्यात गोंधळ घालतो म्हणून. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज गेलं की पाच मिनिटांत तोच माणूस उठून बसतो आणि आपल्या चपला कुठे आहेत ते विचारतो. न्यूयॉर्कचे सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३८ मध्ये याचीच तीन कलमी कसोटी मांडली: लक्षणं हवीत, त्या वेळी मोजलेली साखर खरोखर कमी हवी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. तिन्ही जुळली तरच पुढे जायचं. नुसत्या ‘मला कसंतरी होतं, साखर कमी झाली असेल’ या तक्रारीमागे दहा कारणं असू शकतात.

पण पाच मिनिटांच्या या चमत्कारातच पुरावा वाहून जातो. डेक्स्ट्रोज गेल्यावर काढलेलं रक्त निदानासाठी जवळजवळ निरुपयोगी. म्हणून आमच्या आपत्कालीन विभागात डेक्स्ट्रोजच्या कप्प्यातच एक प्लास्टिकची पिशवी ठेवलेली असते: राखाडी झाकणाची एक नळी, लाल झाकणाच्या दोन, सुई, आणि बर्फासाठी डबा. मधुमेह नसलेल्याची साखर उतरलेली दिसली की आधी या नळ्या भरायच्या, मग डेक्स्ट्रोज. एक-दीड मिनिटाचं काम. रोगी बेशुद्ध असेल आणि शीर सापडत नसेल तर अर्थातच जीव आधी. राखाडी झाकणाचा आग्रह उगाच नाही. साध्या नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिलं तर रक्तपेशीच त्यातली साखर खाऊन टाकतात आणि प्रयोगशाळा प्रामाणिकपणे एक खोटा आकडा कळवते. अशा खोट्या आकड्यापायी महिनोन् महिने भयभीत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्या नळ्यांत काय शोधायचं ते समजायला फारसं अवघड नाही. साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेली की निरोगी स्वादुपिंडाने इन्सुलिन सोडणं जवळजवळ थांबवलेलं असतं. त्या क्षणीही रक्तात इन्सुलिन भरपूर सापडलं तर ते आलं कुठून हा प्रश्न. शिकागोच्या डोनाल्ड स्टाइनर यांनी १९६७ मध्ये प्रोइन्सुलिन ओळखलं. स्वादुपिंड आधी ही लांब साखळी तयार करतं, ती तुटते आणि इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइड नावाचा तुकडा तितक्याच संख्येने बाहेर पडतो. औषधाच्या बाटलीतल्या इन्सुलिनबरोबर हा तुकडा येत नाही. म्हणजे इन्सुलिन चढलेलं आणि सी-पेप्टाइड तळाला असेल तर ते बाहेरून टोचलेलं आहे. इथवर सोपं आहे.

पेच गोळ्यांचा आहे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या स्वतः इन्सुलिन नव्हेत, त्या आपल्याच स्वादुपिंडाकडून ते काढून घेतात. टाकी भरली आहे की नाही हे न बघता विहिरीवरचा पंप चालू राहावा तसं. त्यामुळे इन्सुलिनही चढतं आणि सी-पेप्टाइडही. स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ, इन्सुलिनोमा, असेल तर अगदी हेच चित्र दिसतं. दोन्हीत फरक करणारी तपासणी एकच: त्याच रक्तात गोळी शोधणं. ही तपासणी सगळीकडे होत नाही, आम्हाला नमुना बाहेर पाठवावा लागतो, निकालाला वेळ लागतो आणि रोग्याला ती महाग वाटते. म्हणून ती राहून जाते. इन्सुलिनोमा मात्र दहा लाख माणसांत वर्षाकाठी साधारण चार जणांना होणारा आजार. गाठ बहुतेकदा दोन सेंटिमीटरहून लहान, स्कॅनवर कधी दिसते कधी नाही. ‘शेपटीकडच्या भागात शंकास्पद ठिपका’ असं मोघम वाक्य रिपोर्टात आलं की सर्जनचा हात शिवशिवतो. दूरच्या एका महानगरात अर्धं स्वादुपिंड काढून आलेली एक बाई माझ्याकडे आली होती. काढलेल्या भागात गाठ नव्हती. ऑपरेशननंतरही साखर उतरतच होती, कारण गोळ्या चालूच होत्या.

या गोळ्यांचा शोधच मुळी असल्या अपघातातून लागला. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएला मार्सेल जाँबों विषमज्वराच्या रोग्यांना सल्फा जातीचं एक नवं औषध देत होते. काहींना झटके येऊ लागले, काही दगावले. त्यांची साखर उतरत होती. तिथल्याच ऑगस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पुढे कोट्यवधी मधुमेहींना ज्याचा उपयोग झाला त्या गुणाची ओळख आधी विष म्हणून झाली होती. आजही मी विद्यार्थ्यांना ग्लिमेपिराइड शिकवताना सुरुवात माँपेलिएपासून करतो.

शहराबाहेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रशिक्षणाला आलेली सांगलीकडची एक मुलगी मला कायम आठवते. नुकतीच इंजिनिअर झालेली, घरात शिकून नोकरीला लागलेली पहिलीच. चार महिन्यांत अनेकदा बेशुद्ध होऊन वेगवेगळ्या ठिकाणी दाखल झाली होती. प्रत्येक कागदावर ‘साखर कमी, डेक्स्ट्रोज दिलं, बरं वाटलं’ एवढंच. नळ्या कोणीच भरल्या नव्हत्या. स्कॅनमध्ये तो ठरलेला शंकास्पद ठिपका. ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा आई धावत आली.

‘डॉक्टर, तुम्ही आपल्याकडचे म्हणून विचारते,’ आई म्हणाली, ‘पोट फाडायलाच लागंल का? लग्नाचं वय हाय तिचं.’

आम्ही तिला उपाशी ठेवण्याच्या तपासणीसाठी दाखल केलं. बहात्तर तास फक्त पाणी आणि बिनसाखरेची कोरी कॉफी, दर काही तासांनी रक्त. इन्सुलिनोमा असेल तर बहुतेकांची साखर पहिल्या दोन दिवसांतच कोसळते. हिची तिसऱ्या दिवशी संध्याकाळीही ठीक होती. उपाशी निरोगी शरीराने करावं तसं तिचं शरीर चरबी जाळत होतं, कीटोन चढले होते. या तीन दिवसांत आई खाटेला चिकटून बसलेली. चौथ्या दिवशी मुलीने दोन घास खाल्ले, आई निश्चिंत मनाने चामुंडी टेकडीवर दर्शनाला गेली, आणि अकराच्या सुमारास नर्सने हाक मारली. साखर ३१. अंगावरचा गाऊन घामाने पाठीला चिकटलेला. नळ्या भरल्या, मग डेक्स्ट्रोज दिलं.

इन्सुलिन चढलेलं, सी-पेप्टाइड चढलेलं, कीटोन तळाला. माझा ज्युनिअर खूश झाला, म्हणाला, ‘सर, इन्सुलिनोमाच.’ मग तीन दिवस उपाशी असताना ही गाठ काय झोपली होती? दुसऱ्या एकाने सुचवलं की मुलगी बाथरूमला गेली की बॅग तपासू. मी नको म्हटलं. बॅगेत गोळी सापडली तरी तिच्या रक्तात तीच होती हे सिद्ध होत नाही, न सापडली तरी ती नव्हती असं होत नाही. आणि आपली बॅग उचकली हे कळल्यावर ती आपल्याशी पुन्हा खरं बोलेल ही आशा सोडावी. रक्तात गोळी आहे का ते तपासायला पाठवतोय हे मात्र तिला आधीच सांगितलं होतं. असल्या प्रत्येक रोग्याचं आम्ही ते करतो, आणि प्रत्येकाला सांगून करतो. तिने मान हलवली होती.

आठवड्याभराने निकाल आला: ग्लिमेपिराइड. आईला कॅन्टीनला पाठवून मी स्टूल ओढून बसलो. मुलगी मनगटावरच्या चिकटपट्टीचा राहिलेला डिंक नखाने खरवडत होती.

‘तुझ्या रक्तात मधुमेहाची गोळी सापडली आहे. साखर तिनेच उतरतेय. गाठ नाही, ऑपरेशनची गरज नाही. ती पोटात कशी गेली हे मला आज कळायलाच हवं असं नाही. पण पुन्हा गेली आणि रात्री खोलीत कुणी नसलं, तर तू सकाळी उठणार नाहीस. हे आजच सांगायला हवं.’

ती बराच वेळ डिंकाशीच खेळत राहिली. मग म्हणाली, ‘सर, आईला सांगणार?’

‘तू सज्ञान आहेस. तू सांगितल्याशिवाय नाही. पण आईने सरळ विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही.’

‘गाठ नाही एवढंच सांगा.’

गोळी घेतली असं ती तेव्हा म्हणाली नाही, पुढेही कधी नाही. कबुली घेणं हे पोलिसांचं काम आहे. डॉक्टरने तो हट्ट धरला की रोगी दवाखाना बदलतो आणि दुसऱ्या गावात पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू होतं. मनोविकारतज्ज्ञ मित्र तिच्याशी बोलला. मला त्याने जेवढं लागतं तेवढंच सांगितलं: दर पंधरा दिवसांनी होणाऱ्या परीक्षा, नापासांना घरी पाठवण्याची धास्ती, आणि घरी परत जायची इच्छा असूनही तसं बोलायची सोय नसणं. ग्लिमेपिराइड आजोबांचं. आजारी पडून परतणं चालणार होतं, हरून परतणं नाही. ती प्रशिक्षण सोडून सांगलीला गेली, तिकडेच नोकरीला लागली. नंतर वर्षभर ती फोनवर संपर्कात होती, साखर एकदाही उतरली नाही.

खरी कसरत डिस्चार्ज कार्डावर झाली. विमा कंपनीला निदान हवं होतं. स्वतःहून करून घेतलेल्या इजेचे पैसे ते देत नाहीत. मी लिहिलं: ‘सल्फोनिलयुरिया औषधामुळे रक्तातील साखर कमी होणे, इन्सुलिनोमाचा पुरावा नाही.’ यातलं अक्षरही खोटं नव्हतं. गोळी कुणी दिली हे रक्ताच्या रिपोर्टात नसतं, म्हणून ते मी लिहिलं नाही. विमा कंपनीने पत्र पाठवून विचारलं, मी तेच वाक्य पुन्हा कळवलं.

गोळी रक्तात सापडली की ती रोग्यानेच गुपचूप घेतली हे गृहीत धरण्याची घाई मला म्हणूनच पसंत नाही. कुवेंपुनगरच्या एका वृद्ध बाईंबद्दल सगळ्यांचा संशय सुनेवर होता. मी त्यांची औषधांची थैली खाटेवरच्या चादरीवर ओतायला लावली. आपल्याकडे दुकानदार स्ट्रिप कात्रीने कापून हव्या तेवढ्या गोळ्या देतो आणि औषधाचं नाव बऱ्याचदा त्याच्याकडच्या अर्ध्या भागात राहतं. एका चंदेरी तुकड्यावर नावाची शेवटची काही अक्षरं आणि ‘२ मि.ग्रॅ.’ एवढंच उरलं होतं. बाईंच्या रक्तदाबाच्या गोळीत २ मिलिग्रॅम असा डोसच नव्हता. दुकानातल्या पोराने शेजारच्या खणातली स्ट्रिप कापली होती. सुनेची कुणी माफी मागितली की नाही, मला माहीत नाही.

नंजनगूडजवळच्या एका शेतकऱ्याच्या बाबतीत बायको उशाशी उभी होती तोवर काही म्हणजे काही कळेना. तिला चहाला पाठवलं तेव्हा त्याने लुंगीच्या गाठीतून पुडी काढली: ताकदीचं चूर्ण, बसस्टँडवर घेतलेलं, शंभर टक्के जडीबुटी. त्याच्या रक्तात ग्लिबेनक्लामाइड निघालं. मला सिंगापूर आठवलं. तिथे २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० रोगी साखर उतरून दाखल झाले होते. पुरुषी ताकदीच्या बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं होतं. त्यातले ४ जण मेले, ७ जण बेशुद्धीतून बाहेर आलेच नाहीत. पुडी दाखवायची लाज माणसाला जिवापेक्षा मोठी वाटू शकते. म्हणून हा प्रश्न मी आता प्रत्येक पुरुषाला एकट्याला गाठून विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

दुसऱ्याने दुष्टाव्याने दिल्याचीही उदाहरणं आहेतच. १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला केनेथ बार्लो नावाच्या परिचारकाची बायको बाथटबमध्ये मेलेली सापडली. तिच्या कुल्ल्यांवर सुयांच्या खुणा होत्या. तिथल्या मांसाचा अर्क उंदरांना टोचून त्यात इन्सुलिन असल्याचं सिद्ध करण्यात आलं आणि त्याला जन्मठेप झाली. तसा संशय खरोखर आला तर पोलिसांना कळवावं लागतं, त्यात डॉक्टरच्या मर्जीचा प्रश्न नाही. माझ्या वाट्याला मात्र आला तो नेमका उलटा प्रकार.

सरस्वतीपुरमचे एक निवृत्त गृहस्थ. सत्तरी पार, जुना मधुमेह. वर्षभरापूर्वी त्यांनी माझ्यासमोर गोळ्यांचा त्याग जाहीर केला होता आणि रोज सकाळी हागलकाईचा, म्हणजे कारल्याचा, रस सुरू केला होता. मी विरोध केला, त्यांनी तीन महिन्यांनी रिपोर्ट आणून माझ्या टेबलावर ठेवला. साखर अगदी काबूत. मला काही बोलता येईना. कुक्करहळ्ळी तलावावर पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींत त्यांचा मोठा दबदबा झाला. रसाची कृती ते कागदावर लिहून वाटायचे.

मग दोन दिवस त्यांचं पोट बिघडलं, जेवण सुटलं, रस मात्र सुटला नाही. तिसऱ्या पहाटे साखर ३४. डेक्स्ट्रोज दिलं, चढली, दोन तासांत पुन्हा उतरली. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. गोळीचं हे वैशिष्ट्य आहे: वरून साखर ओतली की चेकाळलेलं स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. मूत्रपिंडं जुलाबांनी आधीच थकलेली, त्यामुळे औषध शरीराबाहेर पडेना. शेवटी ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन दिलं. ते स्वादुपिंडाचं इन्सुलिन सोडणंच रोखतं. त्यानंतर आकडे स्थिरावले. तरी दोन दिवस त्यांना हलू दिलं नाही.

सून व्हरांड्यात गाठ पडताच रडायला लागली. ‘मावनवरु, म्हणजे सासरे, ऐकतच नव्हते,’ असं ती कन्नडमध्ये म्हणाली. त्यांच्याच जुन्या चिठ्ठीतल्या ग्लिबेनक्लामाइडच्या गोळ्या ती रोज बत्त्याखाली चुरडून रसात घालत होती. कारल्याच्या कडूपणात गोळीची चव कळत नव्हती. पोट बिघडल्यावरही तिने त्या घातल्या, कारण डॉक्टर नेहमी सांगतात की औषध चुकवू नका. तिने हात जोडून विनवलं, त्यांना सांगू नका.

मी सांगायचंच ठरवलं. त्यांच्या पोटात काय जातंय हे कळण्याचा हक्क त्यांचा होता, आणि न सांगता त्यांना घरी पाठवलं तर रस पुन्हा सुरू होणार हे दिसत होतं. सुनेला शेजारी बसवूनच सांगितलं, तिची भीती आणि तिची काळजी दोन्ही बोलून दाखवली. ते तिच्यावर चिडतील अशी माझी अटकळ होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, ‘म्हणजे रसाने काहीच होत नव्हतं?’

‘रसात जे होतं त्याने होत होतं.’

थोडा वेळ ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तलावावरच्या तिघांनी माझं बघून गोळ्या सोडल्या आहेत.’

घरी गेल्यावर दोनच दिवसांनी ते त्या तिघांना घेऊन माझ्या दवाखान्यात आले. बाकावर चौघे ओळीने बसले, फिरायला जायच्या बुटांसकट. तिघांचीही साखर ३०० च्या वर निघाली. त्यातल्या एकाच्या पायाला जखम होती, तीही दिवसेंदिवस पसरत चाललेली. त्याला मी त्याच दुपारी दाखल करून घेतलं. बाकीच्या दोघांच्या चिठ्ठ्या लिहून झाल्यावर सरस्वतीपुरमच्या गृहस्थांनी आपली चिठ्ठी पुढे केली आणि अट घातली: गोळी घेईन, पण ती माझ्या हाताने आणि सुनेच्या समोर.